दर सात मिनिटांनी

नाव तन्मय ठेवलं तेव्हा कुठे ठाऊक होतं
की शाळेतले पाचही शिक्षक पाळीपाळीने
त्याच नावाचा विनोद करतील.
"नाव बघा, आणि वही बघा."
वहीत चौथ्या गणितानंतर
एक शेपूट. मग खवले. मग नदी.

भाविनीबेननी पट्टा दिला जुलैत.
काळा, रबराचा. वेळ दाखवत नाही.
दर सात मिनिटांनी मनगटावर थरथरतो, एवढंच.
"बीजुं कंई नथी," त्या म्हणाल्या,
"एने खाली पूछे छे, तुं क्यां छे?"
ओरडत नाही. कान पिरगळत नाही.
वर्गातल्या बाकीच्या एकोणचाळीस जणांना
कळतही नाही, कुणाला हाक मारली गेली.

मी हिशेबातली बाई, आधी विचारलं, केवढ्याला?
शाळेचा आहे. वर्षअखेर परत करायचा.

फोनमध्ये एक बाई धडा वाचून दाखवते.
जोडाक्षराला अडखळते, विश्वामित्रीचे तीन तुकडे करते,
पूर्णविरामाला श्वास घेत नाही.
तिच्याबरोबर तन्मय आमच्या दांडिया बाजारच्या दोन खोल्यांत
ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतो,
आणि बाविसाव्या फेरीला परागीभवन
त्याला आलेलं असतं.
पाठ नाही, कळलेलं.
"हा अभ्यास आहे की गस्त?" त्याचे बाबा विचारतात,
पण पाय आखडून वाट देतात.

शिवाय टेबलावर एक घड्याळ, लाल चकतीचं.
कुणी खात असल्यासारखी
कलिंगडाची फोड कमी कमी होत जाते.
संपली की उठायचं.
पहिल्या दिवशी त्याने पुस्तक मिटून
चकतीच बघितली, वीस मिनिटं, पापणी न हलवता.

सगळंच जमतं असं नाही.
पट्टा दोनदा हरवला.
एकदा बुटात सापडला, एकदा तांदळाच्या डब्यात.
डब्यात तो मी ठेवला होता.

मी म्हणजे
खंडेराव मार्केटला मेथी आणायला जाऊन
निशिगंधाच्या काड्या घेऊन येणारी.
गॅसचं बिल दोनदा भरलेलं, विजेचं एकदाही नाही.
माहेरी वेंधळी, सासरी धांदरट,
ऑफिसात "मॅडमचं लक्ष असतं कुठे?"
एवढी वर्षं हे सगळं मी
स्वभाव म्हणून वागवलं, मापात नसलेल्या
दिलेल्या ब्लाउजसारखं.

एका रविवारी तो अंघोळीला गेला
आणि पट्टा मी बांधला.
सात मिनिटं. हात भाकरी थापत होते,
मी आठवीत होते, बाकावर उभी.
सात मिनिटं. नणंदेशी न झालेल्या भांडणात
मी जिंकत आले होते.
सात मिनिटं. तवा रिकामा, धुरकट.
मग पुन्हा थरथरला, आणि मी तिथेच होते,
भाकरीला फुगा येताना बघत.
केवढा हळू येतो तो. एका कडेने.

तो बाहेर आला, केस गळत होते.
माझं मनगट बघितलं. हसला नाही.
"घट्ट नको बांधूस," म्हणाला,
"नाहीतर राग येतो त्याचा."

डिसेंबरच्या उन्हात आम्ही पुलावर उभे असतो,
काळ्या घोड्याजवळ, खाली विश्वामित्री.
चिखलावर मगर. दीड तास ती हलत नाही,
तोही नाही.
इथे जमतं तर वहीपुढे का नाही,
हे मी पूर्वी विचारायचे. मोठ्याने, लोकांसमोर.

पट्टा त्याच्या खिशात थरथरतो.
"आहे," तो खिशाला सांगतो,
मगरीवरची नजर न काढता,
"आम्ही दोघं आहोत."